विरुद्ध बाजूची सही

सोमवार, १ फेब्रुवारी

दोन वर्षांपूर्वीची एक कोरी हजेरीपट्टी कपाटात पडून होती. आजपासून तिच्यात माझी हजेरी. कुठेतरी बोललं पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल. आमचे हे पाण्याचे मीटर वाचून दमून येतात आणि जेवताना माझं फक्त शेवटचं वाक्य ऐकतात.

झालं असं. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी शिपायाच्या हाती परिपत्रक फिरवलं. "वारंवार आलेल्या तक्रारी व सुरक्षिततेचा प्रश्न लक्षात घेता, सुतारकामाची खोली बंद करून तेथे संगणक कक्ष करण्याचे व्यवस्थापन समितीच्या विचाराधीन आहे. सातवीच्या विद्यार्थ्यांनी आपली मते दहा तारखेपर्यंत लेखी कळवावीत." वाचलं म्हणून खाली सह्या करा.

वारंवार आलेल्या तक्रारी! कोणाच्या? नाव लिहायला शाई संपली होती का? ही पाच माणसं महिन्यातून एकदा चहा-बिस्किटांना जमतात आणि उंटावरून शेळ्या हाकतात. त्यांच्यातल्या एकाने तरी ती खोली आतून पाहिली असेल तर मी नाव बदलीन.

मला त्या खोलीचा पुळका आहे असं मुळीच नाही. माझ्या वर्गाची आणि तिची भिंत एक आहे. अकरा वर्षं झाली, मी कवितेची ओळ म्हणते आणि पलीकडून ठक ठक ठक असं उत्तर येतं. सुतारसर हा माणूस बोलतच नाही, फक्त ठोकतो. वर्षाला एक अशा अकरा चिठ्ठ्या मी मुख्याध्यापकांना दिल्या असतील, त्याही आपल्या घरातल्या घरात. पण तो माझा आणि सुतारसरांचा प्रश्न आहे. समितीला मध्ये कोणी बोलावलं?

(कधी कधी तिसऱ्या तासाला, नेमकी सातवीची कविता असते तेव्हा, पलीकडे चिडीचूप असतं. तेवढंच माझं नशीब.)

बुधवार, ३ फेब्रुवारी

मतं लेखी हवीत ना? मग लेखीच देऊ. अशी देऊ की अध्यक्षांना चष्मा दोनदा पुसावा लागेल. तसाही पाठ्यक्रमात दावा-प्रतिदावा येतोच आहे.

सातवीने पहिल्या फेरीत जे लिहिलं ते वाचून कपाळाला हात लावला. "खोली बंद करू नये कारण ती चांगली आहे." "काही मूर्ख लोक म्हणतात की सुतारकाम वाईट असतं. ते चूक आहेत." मी वही टेबलावर आपटली. "हे मूर्ख लोक कोण? राहतात कुठे? भेटलायत तुम्ही त्यांना? शेतातल्या बुजगावण्याला चार ठोसे मारून कोणी पैलवान होत नाही!"

मग माझा जुना नियम सांगितला, सहीचा. आपला दावा मांडा, कारण द्या, पुरावा द्या. मग समोरच्याचं म्हणणं लिहा, आणि असं लिहा की तो स्वतः वाचून खाली सही करेल, "हो, माझं म्हणणं हेच आहे." ती सही मिळाल्याशिवाय त्याला उत्तर द्यायचा तुम्हाला अधिकार नाही. सही मिळाली की नवीन परिच्छेद, आणि पहिला शब्द "तरीही".

सरावाला खिडकीचं भांडण घेतलं. खिडकीजवळचे म्हणतात बंद ठेवा, दाराजवळचे म्हणतात उघडा. एकमेकांची बाजू लिहायला लावली. पहिल्या दोन वेळा कोणी कोणाला सही देईना. "मला थंडी वाजते असं मी म्हणालोच नाही, माझी वही उडते असं म्हणालो!" तिसऱ्या वेळी सह्या झाल्या, आणि खिडकी अर्धी उघडून सगळे गप्प बसले.

शेवटी हात वर केला चिमट्याने. चिमटा म्हणजे दुसऱ्या बाकावरची काडीसारखी मुलगी. तुमचा एखादा शब्द तिने पकडला की सोडत नाही, म्हणून हे नाव वर्गानेच ठेवलंय.

"बाई, समिती तर इथे नाही. सही कोण देणार?"

"मी देईन. आजपासून मीच समिती."

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

चिमट्याचा निबंध वर्गातर्फे पाठवायचा ठरला. पण प्रतिदावा मी तीनदा परत केला.

पहिल्यांदा तिने लिहिलं, "आवाज होतो असं समितीला वाटतं." मी म्हटलं, "ह्याच्यावर मी सही करणार नाही. आवाज म्हणजे काय ते सांग. कोणाला त्रास होतो? कधी?" दुसऱ्यांदा तिने कवितेचा तास घातला. बरा होता, पण लेचापेचा. "आणि सुरक्षितता? चार वर्षांपूर्वी एका मुलीच्या बोटाला पटाशी लागली होती, ठाऊक नाही का तुला? दोन टाके पडले होते." तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तिसऱ्यांदा मी तिच्या शेजारी बसूनच वाक्यं घट्ट करून घेतली. शेवटी उतरलं ते असं:

"भिंतीपलीकडे चाळीस मुलं कविता ऐकायला बसतात आणि त्यांना ऐकू येतो हातोडा. चार वर्षांपूर्वी एका मुलीच्या बोटाला दोन टाके पडले. बोटच गेलं असतं तर? मुलं बावीस आणि शिक्षकाचे डोळे दोन. शाळेने मुलांना आधी सुरक्षित ठेवावं, मग शिकवावं."

वा! मी खाली झोकात सही ठोकली. बऱ्याच दिवसांत इतकी मजा आली नव्हती.

त्यापुढचं मात्र सगळं चिमट्याचं, मी एक शब्द बदलला नाही. "तरीही खोली राहावी. टाके पडल्यापासून सर पटाश्या मोजून देतात आणि मोजून परत घेतात, त्यानंतर कोणालाच लागलेलं नाही. बाकीच्या तासांना आपली चूक दुसऱ्याला लाल शाईने दाखवावी लागते. तिथे स्टुलाचा पाय हलतो आणि चूक आपली आपल्यालाच दिसते." ती तिच्या आजीसाठी स्टूल करतेय. तीन पाय झालेत, चौथा बाकी आहे.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

निबंध पाठवला. मुख्याध्यापक म्हणाले, "वा बाई, दोन्ही बाजू आहेत यात. समितीला आवडेल." आवडून काय करायचंय, वाचला म्हणजे पुरे.

सोमवार, १५ फेब्रुवारी

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी सगळी शाळा रांगेत उभी असताना मुख्याध्यापकांनी समितीचं पत्र वाचलं. खोली आजपासून बंद. कारणं: "भाषेच्या शिक्षिकांच्या अकरा लेखी तक्रारी (प्रती सोबत जोडल्या आहेत). तसेच इयत्ता सातवीच्या विद्यार्थिनीनेच आपल्या निबंधात स्पष्टपणे म्हटल्याप्रमाणे..." आणि मग तो परिच्छेद! माझा, म्हणजे चिमट्याचा, तो सबंध परिच्छेद, "मग शिकवावं"पर्यंत. तिथेच कात्री. पुढचा "तरीही" गिळून टाकला. खाली अध्यक्षांची लफ्फेदार सही.

याला वाचणं म्हणतात? हा शुद्ध ध चा मा आहे. आणि माझ्या चिठ्ठ्या सूचनाफलकावर! अकराच्या अकरा, माझ्या अक्षरात, मुलं घोळका करून वाचतायत. "हा इसम मुद्दाम करतो" असं मी सहाव्या वर्षी लिहिलं होतं. घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडतात का कोणी? विश्वासघात आहे हा. दुसरा शब्द नाही.

वर्गात आले तर सगळा वर्ग चिमट्याकडे बघत होता. कोणीतरी म्हणालं, "हिनेच बंद केली खोली." माझं डोकं आधीच फिरलेलं. मी म्हटलं, "इतकं ताकदीचं लिहायची काय गरज होती तुला? जरा भान ठेवायचं! कोणाला पाठवतोय, तो माणूस काय करील याचा विचार नको?"

ती म्हणाली, "बाई, तुम्ही तीनदा परत केलंत."

"उलट बोलू नकोस!"

ती बसली. मी काही चुकीचं बोलले नाही. भान ठेवायला शिकलंच पाहिजे मुलांनी.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

काल जेवताना यांना सगळं सांगितलं. या वेळी पहिल्यापासून ऐकत होते असं दिसलं, कारण हात धुताना म्हणाले, "अगं, हे वड्याचं तेल वांग्यावर झालं."

"कोणाचं तेल? कोणतं वांगं?"

"मी आपला मीटर वाचणारा माणूस. जो आकडा दिसतो तो सांगतो," म्हणाले, आणि वर्तमानपत्रात शिरले. यांच्याशी बोलण्यापेक्षा हजेरीपट्टी बरी.

चिमट्याच्या बाकावर आज कोणी बसलं नाही. शेजारची मुलगी दप्तर उचलून मागे गेली. मी पाहिलं. कविता शिकवायची होती, म्हणून काही बोलले नाही. पलीकडे ठार शांतता होती. अकरा वर्षं मागत होते ती शांतता. कवितेत लक्ष लागलं नाही.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

तास संपल्यावर चिमटा टेबलापाशी आली, एक फुलस्केप ठेवला आणि निघून गेली. वर लिहिलंय: "दावा: बाईंनी माझ्यावर अन्याय केला."

काय हिंमत! फाडणारच होते. पण खालचा परिच्छेद दिसला, "बाईंचं म्हणणं", आणि त्याखाली सहीसाठी आखलेली रेघ. तो इथे उतरवून ठेवते.

"बाईंना कविता फार आवडतात. आपल्याला जे आवडतं ते दुसऱ्यांना नीट ऐकू यावं असं कोणालाही वाटेल, म्हणून त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या. खोली बंद व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी प्रतिदावा तीनदा परत केला कारण त्यांना वाटलं समिती सबंध निबंध वाचेल. बाई स्वतः प्रत्येक निबंध सबंध वाचतात, त्यामुळे सगळेच तसं वाचतात असं त्यांना वाटतं. राग त्यांना समितीचा आला होता. पण समिती वर्गात येत नाही आणि चिडायला कोणीतरी समोर लागतं. मी समोर होते."

त्याखाली एकच शब्द, "तरीही", आणि पुढे कोरं. कंसात: (सही झाल्यावर लिहीन.)

शनिवार, २० फेब्रुवारी

दोन दिवस त्या परिच्छेदात चूक शोधतेय. एक जरी खोटं वाक्य सापडलं असतं तरी सही नाकारता आली असती. मीच केलेला नियम आहे, त्याची वाट मला ठाऊक नाही का? पण नाही सापडत. अकरा वर्षांत माझी बाजू मी स्वतः इतकी चांगली मांडलेली नाही. यांनाही वाचायला दिला. यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मुलगी मीटर बरोबर वाचते."

आज अर्ध्या दिवसाची शाळा सुटताना सही करून दिला. तिने तिथेच उभ्या उभ्या "तरीही"च्या पुढे लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"तरीही बाईंच्या अकरा चिठ्ठ्यांपैकी एकीवरही सुतारसरांची सही नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संताप झाला. तिचा नाही. कोणाचा ते लिहायचं धाडस आज होत नाही.

सोमवार, २२ फेब्रुवारी

पहिल्या तासाला आधी एक काम उरकलं. चारचौघांत ओरडले होते, माफी कोपऱ्यात कशी मागणार? वर्गासमोर उभी राहून म्हटलं, "तो परिच्छेद चिमट्याचा नाही, माझा आहे. बोटाची गोष्टही तिला मीच सांगितली. ती ओरडा खाण्यासारखं काही वागली नव्हती. मी वागले." चिमटा म्हणाली, "ठीक आहे, बाई," आणि वहीत तारीख घातली. मधल्या सुट्टीपर्यंत तिच्या शेजारची मुलगी दप्तरासकट परत आली होती.

मग सुतारसरांकडे गेले. खोली त्यांना रिकामी करून द्यायची होती. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. अकरा वर्षांत त्या दारातून आत मी दुसऱ्यांदा गेले असेन.

सर हत्यारं फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवत होते. मला बघून "या" म्हणाले आणि एका स्टुलावरचा भुसा झटकला. त्यावर बसले तर डुगडुगलं. "अरेच्चा, ते नको, त्याला तीनच पाय आहेत," म्हणाले. चिमट्याचं होतं ते. म्हणून मी उभी राहिले, आणि उभी राहिले म्हणून समोरची भिंत दिसली. आमची सामाईक भिंत.

तिच्यावर माझं वेळापत्रक चिकटवलं होतं. माझं, सातवीचं, भाषेचं. मंगळवार आणि गुरुवारच्या तिसऱ्या तासाभोवती सुताराच्या जाड पेन्सिलीने चौकट आणि शेजारी: "बाईंची कविता. या वेळी फक्त पॉलिश पेपर." खाली जुनं वेळापत्रक, त्याच्या खाली आणखी जुनं. एकावर एक चिकटवून पुठ्ठ्याएवढी जाडी झालेली. मी कडेने नखाने मोजली. दहा.

"दहाच?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पहिल्या वर्षी कवितेचा तास कधी असतो ते ठाऊक नव्हतं," सर म्हणाले. "मुख्याध्यापकांनी तुमची चिठ्ठी दाखवली तेव्हा कळलं."

मंगळवार, २३ फेब्रुवारी

शांतता माझ्या नशिबाने यायची म्हणे! मी मूर्ख आहे. हे मी पूर्ण शुद्धीत लिहितेय.

आता सुतारसरांची बाजू मी लिहिणार, त्यांची सही घेणार आणि शुक्रवारी समितीच्या सभेत चिमट्याचा निबंध आणि ती, दोन्ही वाचणार. काल संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून चार पानं लिहिली, आज मधल्या सुट्टीत नेली. सरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचलं. फळीवरून हात फिरवतात तसं. मग पानं परत दिली.

"सही नाही करणार."

"का? काय चुकलं?"

"जास्त गुळगुळीत झालंय. मी एवढा चांगला नाही. दोनदा मुद्दाम ठोकलंय."

"कधी?"

"एकदा तुम्ही चिठ्ठीत मला इसम म्हणालात तेव्हा. आणि एकदा शिक्षकांच्या खोलीत तुम्ही म्हणालात, सुताराला काय कविता कळणार. मी दारातच होतो."

मी म्हणाले होते. सगळे हसले होते, मीही.

"हे घाला," सर म्हणाले. "आणि बोटाचं काढलंय तुम्ही, ते परत घाला. दोन टाके पडले, माझ्या देखत पडले. ते लपवून खोली नको मला."

मग पेटीचं झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता, "आणि कवितेचं म्हणाल तर भिंतीतून ऐकू येतं सगळं. छान म्हणता. शेवटचं कडवं मात्र घाईत म्हणता. घंटा होईल म्हणून."

तिथेच उभी राहून पुन्हा लिहिलं. चार पानांचं दीड पान झालं. तेव्हा सही मिळाली.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

समितीची सभा. पाच माणसं, बिस्किटांच्या दोन बश्या. मला पाच मिनिटं दिली होती. मी चिमट्याचा निबंध "तरीही"सकट वाचला, सुतारसरांचं दीड पान वाचलं आणि सांगितलं की तुम्ही ज्या परिच्छेदावर खोली बंद केलीत तो बारा वर्षांच्या मुलीचा नाही, माझा आहे, आणि तो प्रश्नाचा अर्धाच भाग आहे.

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "बाई, अकरा वर्षं तक्रार तुम्हीच केलीत. आता खोली उघडा म्हणता तुम्हीच. आम्ही कोणत्या बाईंचं खरं धरायचं?"

"दोघींचं. दोन्हीवर सही माझीच आहे."

एक सदस्य हसले. अध्यक्ष नाही हसले. "पुनर्विचार करू," म्हणाले. म्हणजे ना धड हो, ना धड नाही. मी न विचारता त्यांच्या बशीतलं एक बिस्किट उचललं आणि बाहेर आले. राग कुठेतरी काढायला हवाच होता.

बुधवार, ३ मार्च

पुनर्विचार झाला. खोली उघडायला तयार आहेत, पण एक छापील नमुना मी भरून द्यायचा: "मला सुतारकामाच्या खोलीतील आवाजाचा कोणताही त्रास होत नाही व यापुढे होणार नाही. माझ्या सर्व तक्रारी मी मागे घेत आहे." खाली सही. सही नाही, तर कुलूप आहे तसं.

त्रास होत नाही? होतो! भयंकर होतो! डोक्यात घण पडतात!

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, कागदच तो. करा सही आणि मोकळ्या व्हा." हेही म्हणाले, "अगं, कर की. खोली तर उघडेल." एकदा पेन टेकवलंसुद्धा. खोली जायची भीती मलाही आहे. ते तीन पायांचं स्टूल आत आहे.

शेवटी वर्गात चिमट्यालाच नमुना दाखवला. तिने दोनदा वाचला.

"बाई, हे तुमचं म्हणणं आहे का?"

"नाही."

"मग?" म्हणाली. एवढंच. मेली चिमट्यात पकडते ती अशी.

नमुना कोरा ठेवला आणि मागच्या बाजूला माझ्या हाताने लिहिलं. या वेळी त्यांच्या कात्रीचा विचार करून लिहिलं, दोन्ही बाजू एकाच वाक्यात बांधून, मधे कुठे पूर्णविराम न देता: "या आवाजाचा मला त्रास होतो आणि पुढेही होणार आहे आणि तरीही खोली उघडी राहावी, कारण तिथे मुलांना आपली चूक आपल्याच डोळ्यांनी दिसते, जी मला दिसायला अकरा वर्षं आणि एक सातवीतली मुलगी लागली." खाली माझी सही. शेजारी "विरुद्ध बाजू" असं लिहून सुतारसरांची. त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

मुख्याध्यापकांनी कागद हातात घेऊन सुस्कारा सोडला. "बाई, गमावलीत खोली."

गमावली असेन. पण खोटी सही करून उघडलेल्या खोलीत सुतारसरांनी मला स्टूलसुद्धा दिलं नसतं.

बुधवार, १० मार्च

आठवडाभर काही लिहिलं नाही, कारण शिव्याच लिहिल्या असत्या. आज उत्तर आलं. "आपले म्हणणे नोंदवून घेतले आहे. खोली वार्षिक परीक्षेपर्यंत चालू ठेवण्यास समितीची हरकत नाही. त्यानंतर पुन्हा विचार केला जाईल."

हरकत नाही म्हणे! समितीच्या वाडवडिलांनी फळ्या तासल्या होत्या जशा काही. आणि परीक्षेनंतर पुन्हा हेच रडगाणं. ठीक आहे. मीही इथेच आहे, आणि पुढच्या सातवीलाही सहीचा नियम येईलच.

पाहिलं तर सुतारसर कुलूप काढत होते. चिमटा दारात उभी होती, कानावर पेन्सिल.

गुरुवार, ११ मार्च

तिसरा तास. कविता. चिमट्याला स्टूल पुरं करायला आज मीच पलीकडे सोडलं होतं. सुरू केली तर पलीकडे चिडीचूप. पॉलिश पेपर फिरत असणार, खसखस, कान दिला की ऐकू येतो. इतकी वर्षं दिला नव्हता.

दोन कडवी म्हटली आणि मलाच सहन होईना. वार्षिक परीक्षेपर्यंत तर वेळ दिलाय सुतारसरांना, त्यात माझ्यापायी हातोडा थांबवायचा? स्टुलाचा चौथा पाय काय घासून बसणार आहे? मी डस्टर उचललं आणि भिंतीवर तीनदा आपटलं. "ठोका हो!" वर्ग आ वासून बघत राहिला.

पलीकडची खसखस थांबली. मग सुरू झालं. ठक. ठक. ठक ठक. कोणीतरी नवशिकं ठोकत होतं, ताल नाही, काही नाही. भयंकर त्रास झाला.

तरीही शेवटचं कडवं सावकाश म्हटलं.